आयाळीची किंमत

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात कुंपणाबाहेर उभं राहून समोरचा वाघ नर आहे की मादी हे सांगायचं, तर जाणकार लागतो. जुन्नरच्या उसात दिसलेल्या बिबट्याबद्दल वनखात्यातला मुरलेला माणूसही पावलांचे ठसे पाहिल्याशिवाय बोलत नाही. सिंहाच्या बाबतीत मात्र पहिलीतलं पोरसुद्धा चुकत नाही. मार्जारकुळात चाळीसच्या आसपास जाती आहेत, पण नर-मादीच्या रूपात इतका ठळक फरक फक्त सिंहात दिसतो. तो का पडला, याचा शोध सेरेंगेटीच्या गवताळ मैदानात घेतला गेला. त्याच उत्तराला बळ देणारा पुरावा आपल्याकडे, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर, एका बोटभर सरड्याने दिला.

आधी सिंहाकडे नीट पाहू. गीरच्या नराची आयाळ आफ्रिकी सिंहापेक्षा विरळ असते. डोक्यावर केस कमी असल्यामुळे कान उघडे दिसतात. चेहऱ्याभोवतीचे केस पिवळट-तांबूस असतात. मानेखाली, छातीकडे येता येता ते गडद तपकिरी, कधी काळे होतात. पोटाखाली कातडीची लांबट घडी लोंबते. ही गीरच्या सिंहांची खूण नर-मादी दोघांत दिसते. पूर्ण वाढलेला नर साधारण 160 ते 190 किलोचा, तर मादी 110 ते 120 किलोची. छावे लहान असताना मात्र त्यांच्यात नर कोण आणि मादी कोण, हे लांबून कळत नाही. वर्षभराचा झाल्यावर नराच्या मानेवर केस दाट होऊ लागतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत आयाळ भरते.

आयाळ उगवते ती टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे. खच्ची केलेल्या सिंहाची आयाळ झडते. उलट बोट्स्वानातल्या ओकावांगो भागात आयाळ असलेल्या सिंहिणी आढळल्या आहेत. म्हणजे आयाळ उगवण्याची सोय मादीच्या शरीरातही आहे; एरवी ती निद्रिस्त असते. आयाळ कशी येते, हे यातून समजतं. ती नरालाच का आणि कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

चार्ल्स डार्विनने 1871 मध्ये 'डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात आयाळीचा विचार ढाल म्हणून केला होता. दोन नर भिडले की प्रतिस्पर्ध्याचे दात आणि नखं दाट केसांत अडकतील आणि मान वाचेल, असा हा तर्क. ऐकायला तो पटतो. पण क्रेग पॅकर आणि पेटन वेस्ट या संशोधकांनी सेरेंगेटीतल्या सिंहांच्या जखमांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मानेवर विशेष हल्ले होत असल्याचं काही दिसेना. मग त्यांनी एक साधा पण धीट प्रयोग केला. खऱ्या सिंहाएवढे बाहुले बनवून घेतले. काहींची आयाळ काळी, काहींची फिकट. काहींची लांब, काहींची आखूड. ते जोडीजोडीने मैदानात उभे केले आणि ध्वनिक्षेपकावरून सिंहांना तिकडे बोलावलं. सिंहिणी बहुतेक वेळा काळ्या आयाळीच्या बाहुल्याकडे गेल्या. नर मात्र काळ्या आणि लांब आयाळीपासून लांब राहिले; त्यांनी आखूड, फिकट आयाळीचा बाहुला गाठला. 2002 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं.

एकच आयाळ, पण ती दोघं वेगवेगळ्या कारणांसाठी वाचत होते. मादीला नर निवडायचा होता, आणि नराला समोरच्याशी भिडावं की काढता पाय घ्यावा हे ठरवायचं होतं. त्यांचं वाचन बरोबरच होतं. काळ्या आयाळीच्या नरांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त आढळलं, ते चांगले पोसलेले होते, जखमांतून तगून जाण्याचं त्यांचं प्रमाण जास्त होतं, आणि त्यांच्या कळपातले छावेही अधिक जगत होते.

पण या आयाळीची किंमत मोठी असते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर काळ्या आयाळीच्या सिंहांचं अंग जास्त तापलेलं दिसलं. त्यांच्यात सदोष शुक्राणूंचं प्रमाण जास्त होतं आणि उन्हाळ्यात त्यांचं खाणंही कमी व्हायचं. भर वैशाखात घोंगडी पांघरून हिंडावं, तसं हे ओझं आहे. इस्रायली जीवशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी 1975 मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. एखादी खूण परवडायला जड असेल, तरच ती विश्वासाची. फुकट मिळणारी खूण कोणीही मिरवेल. अंगात ताकद असलेल्यालाच जी झेपते, ती खूण खोटं बोलत नाही.

सिंहिणीला या खुणेची एवढी गरज का, ते तिच्या संसारात कळतं. आफ्रिकेत माद्यांचा कळप आणि त्यांची पिल्लं एका जागी असतात आणि एक-दोन नर, कधी भावांची टोळी, त्यांच्यावर ताबा ठेवते. हा ताबा बहुधा दोन-तीन वर्षंच टिकतो. नवे नर आले की ते आधीच्या नरांचे छावे मारतात, कारण अंगावर पाजणारी मादी माजावर येत नाही. कळपाचा नर दुबळा निघाला, तर सिंहिणीच्या पोटच्या पिल्लांवर गदा येते. निवडीतली चूक तिला परवडणारी नसते. गीरमध्ये चित्र थोडं निराळं आहे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांच्या अभ्यासात दिसलं की तिथे नर आणि माद्या बराच काळ वेगळे राहतात आणि सिंहीण शेजारपाजारच्या एकापेक्षा जास्त टोळ्यांतल्या नरांशी समागम करते. छावा आपला असेल या शंकेने नर त्याच्यावर उठत नाहीत. पिल्लं वाचवण्याची ही तिची दुसरी युक्ती.

मग सिंहिणीला स्वतःला आयाळ का नाही? कारण तिला खर्च तेवढा पडेल, पदरात काही पडणार नाही. तिला गवतात दबा धरून शिकार करायची असते, पिल्लांना पाजायचं असतं. तापणारं आणि लांबून दिसणारं केसांचं ओझं तिच्या कामात आडवं येईल. वाघ-बिबट्याचे नरही एकमेकांशी झगडतात. पण ते एकांडे, झाडीत वावरणारे प्राणी आहेत. उघड्यावर, कळपात, चार डोळ्यांसमोर राहणाऱ्या सिंहालाच लांबून वाचता येणारी खूण फायद्याची ठरली.

किंमत बदलली की खूणही बदलते. केनियातला त्सावो हा उष्ण, काटेरी झुडपांचा प्रदेश. तिथल्या अनेक नरांना आयाळ जेमतेम असते किंवा नसतेच. 1898 मध्ये युगांडा रेल्वेच्या कामावर गेलेल्या हिंदी मजुरांवर हल्ले करणारे दोन कुप्रसिद्ध नर बिनआयाळीचेच होते. आज ते शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. याउलट अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या पाहणीत, हिवाळा जितका कडक तितकी आयाळ लांब आणि दाट, असं दिसलं.

आता चाळकेवाडी. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या या जांभ्या दगडाच्या सड्यावर 'सरडा सुपर्बा' राहतो. 2016 मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी जाती म्हणून त्याचं वर्णन केलं. त्याच वेळी जाहीर झालेल्या दुसऱ्या जातीला त्यांनी डार्विनचं नाव दिलं, 'सरडा डार्विनी'. मादी मातकट तपकिरी, दगडात मिसळून जाणारी. नरही एरवी तसाच. पण पावसाळ्याआधीच्या विणीच्या दिवसांत तो एखाद्या उंच दगडावर चढतो, पुढच्या पायांवर अंग उचलतो आणि गळ्याखालची कातडीची घडी झटक्यात उलगडतो. निळा, काळा आणि नारिंगी पट्टा क्षणभर उन्हात चमकतो, मिटतो, पुन्हा उलगडतो. मादीला तो दिसतो, शेजारच्या नराला दिसतो, आणि वर घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्यालाही दिसतो. सिंहाची आयाळ उन्हात तापते. या सरड्याच्या रंगाची किंमत जीव असू शकते.

या पठारावर काही भागात पवनचक्क्या आहेत, काही भागात नाहीत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासोबत दोन्ही भागांची तुलना केली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. पवनचक्क्यांच्या भागात पक्ष्यांचा धाक कमी, म्हणून सरडे जास्त. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी. माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते.

शिकाऱ्याचा धाक कमी झाला, तर नर जास्त भडक व्हायला हवेत, असं कोणालाही वाटेल. झालं उलटं. पवनचक्क्यांच्या भागातले सरडे हडकुळे होते आणि नरांच्या गळ्याचा निळा-नारिंगी रंग फिका होता. सरडे वाढले, पण खाद्य तेवढंच, म्हणून एकेकाच्या वाट्याला कमी आलं. उपाशी अंगाला गडद रंग परवडला नाही. सेरेंगेटीत काळी आयाळ जे सांगत होती, तेच चाळकेवाडीत फिका गळा सांगत होता: नराच्या अंगावर दिसते ती त्याच्या पोटापाण्याची स्थिती.

पवनचक्क्या नकोत, असा याचा अर्थ नाही. धुराशिवाय मिळणारी वीज आपल्याला हवीच आहे. पण आपले सडे आणि माळ अनेकदा पडीक जमीन म्हणून गणले जातात आणि तिथे हरवण्यासारखं काहीच नाही, असं गृहीत धरलं जातं. प्रकल्पाची जागा ठरवताना त्या माथ्यावरचे शिकारी पक्षी, सरडे आणि किडे आधी मोजले जावेत. नर आणि मादी यांच्या रूपातला फरक पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून घडला आहे, पण तो रोज टिकतो तो भोवतालच्या अन्नावर आणि हवेवर. म्हणून नराच्या रंगावरून मादीला जशी त्याची तब्येत कळते, तशी वाचायला शिकलो तर आपल्यालाही पठाराची तब्येत कळते.