आकाशातले भंगार
(इयत्ता चौथी)

भंगार फक्त उकिरड्यावर आणि आमच्या अंगणात असते असे तुम्हाला वाटत असेल. तसे नाही. ढगांच्याही पुष्कळ वर भंगार फिरत असते. त्याची माहिती मी लिहीत आहे. वर्गातली काही मुले मला "ए भंगार" म्हणून हाक मारतात. त्यांनी तर हे अगदी शेवटपर्यंत वाचावे.

माझा आतेभाऊ पुण्याला असतो. त्याच्या संगणकावर 'नो मॅन्स स्काय' नावाचा अंतराळाचा खेळ आहे. तो २०१६ साली निघाला. खेळ सुरू होतो तेव्हा आपले यान मोडलेले असते. दगड फोडून धातूची भुकटी गोळा करायची, तिचा पत्रा करायचा आणि यान दुरुस्त करायचे. मग उडायचे. पुढे दुसऱ्या ग्रहांवर कुणाची तरी पडलेली याने सापडतात. ती थोडी नीट करून अंतराळातल्या स्थानकावर न्यायची आणि तिथे मोडीत काढायची. त्यातून चांगले सुटे भाग मिळतात. ते आपल्या यानाला बसवले की इंजिन जोरात चालते, नाहीतर सामान ठेवायला खण वाढतात. आतेभाऊ हे मोठ्या ऐटीत सांगत होता. मी म्हटले, हे तर आमचे आप्पा रोजच करतात! फक्त खेळात ताणकाटा नाही आणि घासाघीस करणारी माणसे नाहीत.

आमचे आप्पा टेम्पो घेऊन गावोगाव फिरतात. लोखंड, पत्रा, बीड, तांबे, पितळ, रद्दी सगळे घेतात. सोलापूरला जुन्या मागांचे भाग मिळतात. त्यांच्या खिशात लोहचुंबक असतो. चिकटले तर लोखंड, नाही चिकटले तर दुसरे काहीतरी. बीड हातोडीने फुटते, लोखंड वाकते. तांब्याचा भाव सगळ्यात जास्त, म्हणून वायरीवरचे प्लास्टिक सोलायला आम्ही सगळे बसतो. लोखंडाचे भंगार पुढे जालन्याला जाते. तिथल्या कारखान्यांत ते वितळवून सळ्या करतात. म्हणजे तुमच्या नव्या घराच्या स्लॅबमध्ये तुमच्याच आजोबांचा मोडका नांगर असू शकतो.

आता वरचे भंगार. रॉकेट एकावर एक ठेवलेल्या टप्प्यांचे असते. खालच्या टप्प्यातले इंधन संपले की तो सुटून पडतो, कारण रिकामे ओझे कोण वाहणार? वरचा टप्पा मात्र पुष्कळदा उपग्रह सोडून झाल्यावर तिथेच फिरत राहतो. बंद पडलेले उपग्रहही फिरतात. कधी ते फुटतात, एकमेकांवर आदळतात आणि एकाचे हजार तुकडे होतात. शास्त्रज्ञ ज्यांच्यावर नजर ठेवतात असे तुकडे तीस हजारांहून जास्त आहेत. त्यातले जवळचे एका सेकंदात सात-आठ किलोमीटर पळतात. सोलापूरहून पंढरपूरला ते दहा सेकंदांच्या आत पोचतील! आपल्या एस. टी. ला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीतच आहे. एवढ्या वेगात सुपारीएवढा तुकडा जरी लागला तरी यानाला भोक पडते.

हे भंगार खाली पण पडते. आजी सांगते, १९७९ साली स्कायलॅब नावाची अमेरिकेची प्रयोगशाळा पडणार म्हणून लोक लई घाबरले होते. मरायचंच आहे तर खाऊन मरू, म्हणून वस्तीवर कोंबड्या कापल्या. ती ११ जुलैला पडली, पण तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात गेले. आजी म्हणते, कोंबड्या फुकट गेल्या.

आपल्या महाराष्ट्रात मात्र खरेच पडले. २ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या संध्याकाळी आकाशातून जळत्या रेघा गेल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूची एक मोठी कडी पडली. ती उभी केली तर मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढी होती. आसपासच्या भागात गोल टाक्याही सापडल्या. त्या सगळ्या वस्तू पोलिसांनी ठेवून घेतल्या आणि इस्रोचे शास्त्रज्ञ तपासायला आले. ते एका चिनी रॉकेटचे तुकडे असावेत असे जाणकारांनी सांगितले.

हे ऐकून मी आप्पांना विचारले, तुम्ही ती कडी किती रुपये किलोने घेतली असती? आप्पा म्हणाले, "हातसुद्धा लावला नसता." याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे, अंतराळातून पडलेली वस्तू ज्या देशाने सोडली त्याचीच राहते, असा १९६७ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे. खेळात सापडेल त्याचे असते, खऱ्यात नाही. दुसरे कारण जास्त मोठे आहे. काही रॉकेटांचे इंधन विषारी असते आणि टाकीत ते थोडे राहिलेले असू शकते. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक यंत्र आले होते. त्यात कोबाल्ट नावाचा किरण सोडणारा पदार्थ होता. भंगारवाल्यांना काय माहीत? त्यांनी ते तोडले. पुष्कळ जण आजारी पडले आणि एक जण वारला. ते आकाशातले नव्हते, पण भंगारच होते. तेव्हापासून आप्पा बंद टाकी, बंद डबा किंवा पिवळ्यावर तीन काळ्या पाकळ्यांची खूण असलेली वस्तू घेत नाहीत. कुणी फुकट दिली तरी नाही. तो टेम्पो संध्याकाळी घरी येईपर्यंत आई दारातच असते. तुम्हालाही शेतात असे काही अनोळखी सापडले तर लांब उभे राहा आणि पोलीस पाटलांना बोलवा.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आपल्या पी. एस. एल. व्ही. रॉकेटचा चौथा टप्पा आधी नुसता वाया जात असे. इस्रोने विचार केला, हा वर पोचलाच आहे तर त्याला कामाला लावू. त्याला सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या पट्ट्या बसवल्या आणि त्यावर प्रयोग ठेवले. त्याला 'पोएम' म्हणतात. पहिला पोएम ३० जून २०२२ ला गेला. चौथा गेला ३० डिसेंबर २०२४ च्या रात्री, श्रीहरिकोट्याहून. त्यावर २४ प्रयोग होते. त्यात तरंगता तुकडा हेरून पकडायची चाचणी करणारा यंत्राचा हात होता. म्हणजे तो आकाशातला भंगारवालाच! पुण्याच्या आणि मुंबईच्या विद्यापीठांतल्या लोकांचेही प्रयोग होते. आणखी एक जवळची गोष्ट सांगते. अकलूजकडून नीरा नदी ओलांडली की इंदापूर तालुका लागतो. तिथल्या वालचंदनगरच्या कारखान्यात पी. एस. एल. व्ही. चे भाग बनतात.

पोएमवर एका डबीत चवळीचे आठ दाणे ठेवले होते. चार दिवसांत त्यांना मोड आले आणि मग पाने फुटली. रॉकेटच्या टाकाऊ तुकड्यावर चवळी! मोड आले म्हटल्यावर आप्पा आधी पितळेची मोड समजले.

त्या पोएमला इस्रोने तसेच सोडून दिले नाही. त्याला खालच्या कक्षेत आणले, उरलेले इंधन बाहेर सोडून दिले, म्हणजे ते फुटून आणखी तुकडे होऊ नयेत. ४ एप्रिल २०२५ रोजी तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरला आणि संपला. आप्पांना हे सांगितले तर त्यांनी पहिल्यांदा वजन विचारले.