मंगळावरचे भिंग

भूशास्त्राचे विद्यार्थी सह्याद्रीत दगड पाहायला जातात तेव्हा हातोडा आणि भिंग बरोबर असतेच. कातळाचा तुकडा फोडायचा, ताजी बाजू भिंगाखाली धरायची, कण न्याहाळायचे. फोटो काढायचा तर शेजारी एखादे नाणे किंवा पेन ठेवायचे, म्हणजे दगड मुठीएवढा की खोलीएवढा हे पाहणाऱ्याला कळते. जगभरच्या भूशास्त्रज्ञांची ही साधी रीत एका कॅमेऱ्याने जशीच्या तशी मंगळावर नेली.

6 ऑगस्ट 2012 रोजी नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर मंगळावरच्या गेल विवरात उतरला. त्याच्यावर 17 कॅमेरे आहेत. त्यातला एक सुमारे दोन मीटर लांब यांत्रिक हाताच्या टोकाला बसवलेला आहे. त्याचे नाव माहली. हे संक्षिप्त नाव उलगडले तर अर्थ निघतो, मंगळावरचे हातातले भिंग. सॅन डिएगोच्या मालिन स्पेस सायन्स सिस्टिम्सने तो घडवला आणि त्याची शास्त्रीय धुरा केन एजेट या भूशास्त्रज्ञाकडे होती.

या कॅमेऱ्याची क्षमता फक्त 2 मेगापिक्सेल आहे. रोव्हर उतरला त्या वर्षी लोकांच्या खिशात 8 मेगापिक्सेलचे फोन होते, त्यामुळे हा आकडा ऐकून अनेकांना नवल वाटले. पण या कॅमेऱ्यांचा आराखडा 2004 सालचा. रोव्हरच्या उभ्या खांबावरचे म्हणजे मास्टवरचे दोन कॅमेरे, उतरताना खालची जमीन टिपणारा तिसरा आणि माहली, या चौघांत एकाच जातीचा सेन्सर आणि जवळपास एकच इलेक्ट्रॉनिक्स आहे. थंडी, हादरे आणि किरणोत्सार सोसणारी एकच रचना कसून तपासायची आणि तीच चारही ठिकाणी वापरायची, असा हा हिशेब होता.

दुसरा हिशेब फोटो घरी पोचवण्याचा. रोव्हर आपली बहुतेक माहिती डोक्यावरून जाणाऱ्या यानांमार्फत पाठवतो. आराखडा ठरताना दिवसाला सुमारे 25 कोटी बिट मिळतील असे धरले होते, तेही सगळ्या उपकरणांत वाटून. माहलीच्या फोटोत 1600 गुणिले 1200, म्हणजे 19 लाख 20 हजार ठिपके असतात. एका ठिपक्याला 8 बिट धरले तर दीड कोटीच्या वर बिट होतात. असे सोळा फोटो मूळ रूपात पाठवले की दिवसाचा वाटा संपला. म्हणून कॅमेऱ्याला स्वतःची 8 गिगाबाइटची साठवण दिली आहे. फोटो तिथे राहतात, आधी छोट्या प्रती पृथ्वीवर येतात आणि त्या पाहून हवा तो फोटो मागवला जातो.

माहलीचे खरे कसब जवळून पाहण्यात आहे. दगडापासून 2.1 सेंटिमीटरवर आणला की फोटोतला एक ठिपका 14 मायक्रॉनचा होतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत साधारण पाच ठिपके बसतात. इतक्या जवळून खडबडीत दगडाचा सगळा भाग एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. म्हणून वेगवेगळ्या फोकसचे आठपर्यंत फोटो घेऊन तो स्वतःच त्यांचा एक स्पष्ट फोटो बनवतो आणि पृष्ठभागाच्या उंचसखलपणाचा नकाशाही देतो. अंधारासाठी त्याच्याजवळ पांढरे आणि अतिनील दिवे आहेत. जानेवारी 2013 मध्ये त्याने सायुनेई नावाचा दगड रात्री या दिव्यांच्या उजेडात टिपला.

पण ठिपके कितीही बारीक असले तरी त्यांचा रंग आणि माप खरे कशावरून मानायचे? त्यासाठी यांत्रिक हाताच्या खांद्याजवळ एक पट्टी लावली आहे. तिच्यावर रंगांचे नमुने, बारीक रेघांचा तक्ता आणि 1909 सालचे अमेरिकेचे एक सेंटचे खरे नाणे आहे. हे लिंकनचे नाणे एजेट यांनी स्वतःच्या पैशाने घेतले होते. पुढे काढलेल्या फोटोंत त्याच्यावर मंगळाची तांबूस धूळ साचलेली दिसते. ग्रहावर गेलेला कॅमेरा हे मोजमापाचे यंत्र आहे, आणि ज्याचे माप ताडून पाहता येत नाही त्या फोटोवरून दगडाबद्दल काहीच ठामपणे सांगता येत नाही. माहलीची थोरवी म्हणूनच मेगापिक्सेलपेक्षा त्या पट्टीत जास्त आहे.

या भिंगाने इतरही कामे केली. दगडांनी भोके पाडलेली रोव्हरची चाके तपासली. ऑक्टोबर 2012 मध्ये गेल विवरातल्या रॉकनेस्ट नावाच्या जागी 55 फोटो जोडून रोव्हरची स्वतःची छबी तयार झाली, तीही यानेच टिपलेली.

18 फेब्रुवारी 2021 रोजी पर्सिव्हिअरन्स रोव्हर जेझेरो विवरात उतरला. त्याच्या हातावर वॉटसन हा माहलीच्याच घराण्यातला कॅमेरा आहे. या वेळी ताळा पाहण्याच्या पट्टीवर नाणे नाही, एका उल्केचा काप आहे. ती उल्का 1999 साली ओमानच्या वाळवंटात सापडली. फार पूर्वी मंगळावरच्या आघाताने उडून पृथ्वीवर येऊन पडलेला तो दगड होता. त्याचा काप आता पुन्हा मंगळावर आहे, आणि तिथले उपकरण आपले माप त्याच्याशी ताडून पाहते.