जुन्या मोटारसायकलीची वीज कोठें जाते?

पुष्कळांच्या घरीं ओसरीच्या कोपऱ्यांत एखादी जुनी मोटारसायकल उभी असते. वडिलांनीं किंवा काकांनीं ती मोठ्या हौसेनें घेतलेली असते, आणि तिचें इंजिन अद्याप खणखणीत असतें. परंतु दिवा मिणमिणतो, हॉर्न घोगरा वाजतो, आणि दर वर्षा-दोन वर्षांनीं नवी बॅटरी घ्यावी लागते. "जुनी झाली, आतां असेंच चालायचें" असें म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात. वस्तुतः विजेला वय नसतें. तिला मोकळी वाट पाहिजे असते, आणि ती वाट कोठें अडली आहे हें क्रमानें मोजीत गेल्यास शोधून काढतां येतें. ही रीत मला ठेच लागूनच कळली. म्हणून आधीं ती ठेच सांगतों.

आमच्या घरीं वडिलांची बुलेट आहे. या गाडीचें मूळ इंग्लंडांतील रेडिच येथलें. १९५५ सालीं मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाल्यावर ती आपल्या देशांत तयार होऊं लागली. वडिलांच्या सत्तरीच्या निमित्तानें मीं ती पुरती खोलवून तिच्या सांगाड्याला, म्हणजे चेसीला, काळाभोर रंग दिला. गाडी नव्यासारखी लखलखूं लागली. पुढें दोन महिन्यांनीं वडिलांना मागें बसवून मी रात्रीं वाईहून पांचगणीला निघालों. पसरणी घाटांत एका भरलेल्या ट्रकच्या मागें सावकाश चढत असतां दिवा लाल पडला, इंजिन अडखळलें आणि बंद झालें. वळणावर आम्ही दोघे अंधारांत उभे होतों. मागून आलेल्या मोटारीला आम्ही दिसलों, तें तिच्या दिव्यामुळें, आमच्या नव्हे. वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं गाडीला हात लावून ती कठड्याकडे सरकविली.

दुसऱ्या दिवशीं मीं नवी बॅटरी आणली. आठ महिन्यांनीं आणखी एक आणली. दोन्ही वेळां मीं कांहीं मोजलें नव्हतें. केवळ तर्क केला होता.

आतां विजेची वाट पाहूं. इंजिनाबरोबर एक लोहचुंबक फिरतो. त्यास रोटर म्हणतात. त्याच्या भोंवतीं तारेचीं वेटोळीं स्थिर बसविलेलीं असतात, तो स्टेटर. चुंबक फिरला म्हणजे वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हा मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं लावलेला शोध तुम्ही वर्गांत शिकलांच असाल. ही वीज घडोघडीं दिशा बदलणारी असते. रेक्टिफायर तिला एकाच दिशेनें वाहावयास लावतो आणि रेग्युलेटर तिचा दाब मर्यादेंत ठेवतो. पुष्कळ गाड्यांत हे दोघे एकाच डबींत असतात. तेथून वीज बॅटरींत जाते. बॅटरींत सहा घरें असतात व प्रत्येक सुमारें २.१ व्होल्ट देतें. म्हणून "बारा व्होल्टची" म्हणविणारी पूर्ण भरलेली बॅटरी खरोखर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत ठेवावी. दिव्याकडे वीज तारेनें जाते, परंतु परत येते ती बहुतेक चेसीच्या लोखंडांतून. या परतीच्या वाटेला कारागीर "अर्थ" म्हणतात. जातांनाची तार डोळ्यांना दिसते. परतीची वाट दिसत नाहीं, आणि म्हणूनच तिचा विसर पडतो.

तपासणीस एक साधा मल्टिमीटर पुरतो. वडील माणसांस जवळ घेऊनच हें काम करावें. बॅटरींत तेजाब असतें, आणि ती भरत असतां तींतून पेट घेणारा हायड्रोजन वायु निघतो. तेव्हां जवळ ज्योत अथवा ठिणगी नको. इंजिन चालू असतां बॅटरीची तार कधींही काढूं नये. दाब एकाएकीं चढून दिवे उडतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पुष्कळदां बॅटरीचें धन टोक चेसीला जोडलेलें असे. यास्तव आपल्या गाडींत कोणतें टोक जोडलें आहे तें आधीं पाहावें.

पहिली पायरी: गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळीं बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावावा. १२.६ च्या आसपास आंकडा असल्यास बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खालीं असल्यास ती जवळजवळ रिकामी आहे. मग दिवा लावून पुन्हां पाहावें. भरलेल्या बॅटरीचा आंकडा लागलीच धाडकन् खालीं आल्यास बॅटरीच निकामी समजावी.

दुसरी पायरी: इंजिन सुरू करून मध्यम वेगावर ठेवावें. आतां त्याच टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. आंकडा मुळींच चढला नाहीं तर वीज पोंचत नाहीं. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर आवरीत नाहीं, आणि बॅटरींतील पाणी उडून जातें. जुन्या सहा व्होल्टच्या गाडींत तीनच घरें असल्यामुळें हे आंकडे निम्मे धरावे. बुलेटच्या हेडलाइटवरील लहान अँमीटरही पुष्कळ सांगतो: इंजिन बंद ठेवून दिवा लावला कीं कांटा उण्याकडे झुकावा, आणि गाडी वेगानें चालतांना तो मध्यावर किंवा अधिकाकडे यावा.

तिसरी पायरी: आंकडा चढत नसल्यास स्टेटरच्या तारा रेक्टिफायरपासून सोडवून मीटर प्रत्यावर्ती विजेवर ठेवावा. इंजिनाच्या वेगाबरोबर दाब चढत गेला तर स्टेटर ठीक आहे. इंजिन बंद करून यांपैकीं कोणत्याही तारेचा इंजिनाच्या धातूशीं संबंध येतो कीं काय हेंही पाहावें. असा संबंध नसावा. तारा चेनकेसमधून बाहेर पडतात तेथें त्यांचें आवरण घासून जाण्याची खोड जुनी आहे.

चौथी पायरी: गाडी उभी असतांच बॅटरी उतरत असल्यास, चावी बंद ठेवून बॅटरीची चेसीकडे जाणारी तार काढावी व त्या जागीं मध्यें बारा व्होल्टचा लहानसा बल्ब जोडावा. तो पेटला तर वीज कोठेंतरी गळते आहे. मग एकेक जोड सोडवीत जावें. ज्या जोडापाशीं बल्ब विझेल, तेथें गळती.

पांचवी पायरी माझ्या कामास आली. इंजिन चालू असतां माझ्या बॅटरीवर १३ च व्होल्ट दिसत. रेग्युलेटर नासला असें ठरवून मी तोही विकत आणणार होतों. परंतु आधीं खुद्द त्याच्या बाहेर पडणाऱ्या तारेवर आणि त्याच्या धातूच्या अंगावर मीटर लावून पाहिलें, तों १४.२! रेग्युलेटर आपलें काम चोख करीत होता. मग १.२ व्होल्ट वाटेंत कोण खात होतें? तारेच्या बाजूस मोजलें, केवळ ०.१ निघाला. नंतर मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरें इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकविलें. तेथें ०.२ पेक्षां अधिक आंकडा नसावा, होता १.१. चोर सांपडला. बॅटरीची परतीची तार ज्या बोल्टखालीं होती, तेथें मीं हौसेनें दिलेला काळाभोर रंग बसला होता! रंग वीज वाहून नेत नाहीं. बोल्टच्या आट्यांतून जी काय थोडी वाट मिळे तेवढीच.

येथें थोडें गणित करूं. प्रवाह सुमारें २ अँपियर आणि वाया जाणारा दाब १.१ व्होल्ट, म्हणजे त्या जोडाचा रोध ०.५५ ओहम. हा आंकडा क्षुल्लक वाटतो, परंतु बॅटरी कधींच पूर्ण न भरण्यास तो पुरेसा आहे. ३५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारें ३ अँपियर घेतो. गाडी वेगानें धांवे तेव्हां ही वीज स्टेटरकडूनच मिळे, म्हणून दिवा चांगला दिसे. चढणीवर वेग मंदावतांच भार अर्धपोटी बॅटरीवर येई, आणि तिच्यावर दिवा व इंजिनाची ठिणगी दोन्ही अवलंबून असत. घाटांतील अंधाराचें कारण हें होतें.

उपायास दहा मिनिटें लागलीं. काचकागदानें बोल्टखालील रंग खरवडून धातु उघडा केला, तार घट्ट आवळली, आणि गंज चढूं नये म्हणून वरून व्हॅसलीन लावलें. बॅटरीवर १४.१ दिसले. दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेले.

पालकांसही एक विनंति. फ्यूज उडाल्यास त्या जागीं तार किंवा चांदीचा कागद घालूं नये; फ्यूज उडतो तो गाडी जळूं नये म्हणून, आणि तो कां उडाला हें शोधणें हाच खरा उपाय. बॅटरींत नळाचें पाणी न घालतां शुद्ध केलेलेंच घालावें. आणि मुलानें मीटर मागितल्यास तो जरूर आणून द्यावा. त्याची किंमत एका बॅटरीहून पुष्कळ कमी असते.

गेल्या दिवाळींत वडिलांना घेऊन मी पुन्हां रात्रीं तोच घाट चढलों. त्याच वळणावर त्यांनीं गाडी थांबवावयास सांगितली. उतरून पुढें गेले, हेडलाइटच्या प्रकाशांत क्षणभर उभे राहिले, आणि म्हणाले, "चल आतां."