उभ्याने की बसून?

गोल झाला की खुर्चीत बसलेला माणूसही ताडकन उठतो. मग फुटबॉल मुळात बघायचा कसा, उभ्याने की बसून? या प्रश्नावर इंग्लंडमध्ये तीस वर्षं वाद रंगला, कायदा झाला आणि पुढे तो सैलही झाला. सिमेंटच्या पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून उभी राहणारी गर्दी एकीकडे, नंबर टाकलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दुसरीकडे. या झुंजीतल्या काही गोष्टी मजेदार आहेत, काही थक्क करणाऱ्या, आणि एक-दोन कायम लक्षात ठेवाव्यात अशा.

टेकडी आफ्रिकेतली, नाव लिव्हरपूलला

लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावरचा ‘कॉप’ हा स्टँड जगप्रसिद्ध आहे. त्याचं नाव आलं दक्षिण आफ्रिकेतून. जानेवारी १९०० मध्ये स्पिऑन कॉप नावाच्या टेकडीवर इंग्रज आणि बोअर यांची लढाई झाली. मारल्या गेलेल्या इंग्रज सैनिकांत लँकेशायरच्या पलटणींमधली पोरं पुष्कळ होती. १९०६ मध्ये ॲनफिल्डला गोलपोस्टमागे पायऱ्यांचा उंच चढ बांधला गेला, तेव्हा क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी त्याला या टेकडीचं नाव सुचवलं. त्याच लढाईत जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात तीस वर्षांचा एक बॅरिस्टर होता. त्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी!

लाकूड मोडलं, लोखंड आलं

५ एप्रिल १९०२. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. लाकडी पायऱ्यांचा एक भाग गर्दीच्या वजनाने कोसळला आणि २५ जणांचा जीव गेला. हे मैदान उभारणारे इंजिनियर आर्चिबाल्ड लीच त्या दिवशी तिथेच हजर होते. पुढे त्यांनी लाकडी सांगाड्यांऐवजी भरीव मातीच्या चढावर बांधलेल्या पायऱ्यांचा आग्रह धरला आणि गर्दीचा लोट मध्येच अडवणाऱ्या लोखंडी कठड्यांचं पेटंट घेतलं. ॲनफिल्ड, ओल्ड ट्रॅफर्ड, गुडिसन पार्क, क्रेव्हन कॉटेज या सगळ्या मैदानांवर लीच यांचा हात फिरला आहे.

घोडा आला, मैदान मोकळं झालं

२८ एप्रिल १९२३ रोजी लंडनच्या नव्याकोऱ्या वेम्ब्लीत पहिलीच एफए कप फायनल होती, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम. अधिकृत आकडा १,२६,०४७, पण भिंतीवरून चढून आलेले धरले तर गर्दी दोन लाखांच्या घरात गेली असावी. माणसं थेट मैदानात उतरली. मग जॉर्ज स्कोरी नावाचा पोलीस शिपाई ‘बिली’ या घोड्यावर बसून आला आणि शांतपणे एकेक पाऊल टाकत लोकांना रेषेबाहेर सरकवू लागला. मॅच पाऊण तास उशिरा सुरू झाली. मध्यंतरात खेळाडूंना ड्रेसिंग रूमपर्यंत जायलाही वाट नव्हती! बोल्टनने २-० ने कप जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो घोडा. बिली खरं तर करड्या रंगाचा होता. कृष्णधवल चित्रफितीत तो पांढराशुभ्र दिसला आणि ती फायनल ‘पांढऱ्या घोड्याची फायनल’ झाली. पुढच्या वर्षीपासून फायनलला आगाऊ तिकिटाशिवाय प्रवेश बंद झाला.

दीड लाख, पावणेदोन लाख!

१९३७ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंड-इंग्लंड सामना बघायला जवळजवळ दीड लाख लोक आले. आज सगळ्या खुर्च्या बसवल्यावर तिथे पन्नासेक हजार मावतात. रिओच्या माराकानावर १९५० च्या वर्ल्ड कपमधला ब्राझील-उरुग्वे निर्णायक सामना तिकीट काढून बघणारेच १,७३,८५० होते. या माराकानात मैदानालगत ‘जेराल’ नावाचा उभ्याचा पट्टा होता. तिथून खेळ अर्धाच दिसायचा, पण तिकीट अगदी स्वस्त. रिओचा गरीब माणूस चित्रविचित्र वेश करून तिथे यायचा. २००५ मध्ये जेराल कायमचा बंद झाला.

एका चौरस मीटरमध्ये किती माणसं?

ब्रिटनमधल्या मैदान-सुरक्षेच्या नियमावलीनुसार दहा चौरस मीटर पायऱ्यांवर जास्तीत जास्त ४७ माणसं, म्हणजे एका चौरस मीटरला पाचपेक्षाही कमी. तेही पायऱ्या आणि कठडे उत्तम स्थितीत असतील तर. मुंबईच्या लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ जण उभे असतात असं रेल्वेचा हिशेब सांगतो. विरार फास्टने रोज जाणाऱ्याला फुटबॉलच्या पायऱ्या ऐसपैस वाटतील.

खुर्च्या बसवल्या, उखडल्याही

ब्रिटनमध्ये सगळीकडे खुर्च्या असलेलं पहिलं मोठं फुटबॉल मैदान ॲबर्डीनचं पिटॉड्री, १९७८ मधलं. इंग्लंडमध्ये हा मान कॉव्हेंट्रीच्या हायफिल्ड रोडने १९८१ मध्ये मिळवला. बसलेला प्रेक्षक दंगा करणार नाही, असा मालकांचा होरा होता. पण दंगेखोरांनी खुर्च्याच उखडून फेकल्या आणि काही वर्षांतच मैदानाच्या एका भागातल्या खुर्च्या काढून उभ्याची जागा परत द्यावी लागली.

जाळी नव्हती म्हणून, जाळी होती म्हणून

या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं पान हे आहे.

११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या जुन्या लाकडी मुख्य स्टँडला आग लागली. ५६ जण गेले. हा स्टँड उभ्याचा नव्हता, त्यात मुख्यतः खुर्च्या होत्या. मागची दारं बंद असल्याने तिकडे धावलेले अडकले. पण मैदानाच्या बाजूला जाळी नव्हती, म्हणून शेकडो लोक पुढे उड्या टाकून वाचले.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी तुंबल्यावर पोलिसांनी एक मोठं दार उघडायला लावलं. आत शिरलेला लोंढा समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत गेला. शेजारच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळवायला कोणी नव्हतं. पुढे जाळी, बाजूला जाळी. ९७ जणांचा बळी गेला. त्यातल्या शेवटच्या माणसाचा मृत्यू, त्याच दिवशीच्या इजांमुळे, २०२१ मध्ये झाला. कित्येक वर्षं दोष प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. २०१६ मध्ये ज्यूरीने स्पष्ट निकाल दिला: या लोकांचा बेकायदा जीव घेतला गेला आणि प्रेक्षकांची काहीही चूक नव्हती.

दोन्ही घटना शेजारी ठेवून बघा. जीव गेले ते बंद दारांमुळे, जाळ्यांमुळे आणि कोणी मोजलंच नाही म्हणून.

चार पौंड, सहा पौंड, ७७ पौंड

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. उभं राहणं मुळातच असुरक्षित नाही, हे त्यांनी मान्य केलं. तरीही सर्वांत चांगला उपाय म्हणून खुर्च्यांचीच शिफारस केली. तिकीट महागू नये म्हणून त्यांनी आयब्रॉक्सचं उदाहरण दिलं: उभ्याला चार पौंड, खुर्चीला सहा. पुढे काय झालं? २०१६ मध्ये लिव्हरपूलने सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. ६ फेब्रुवारीला संडरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून चालू लागले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं; सामना २-२ असा सुटला! काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

कॉपचा निरोप आणि कायद्यातल्या फटी

वरच्या दोन डिव्हिजनमधल्या क्लबांना सगळीकडे खुर्च्या बसवायला ऑगस्ट १९९४ पर्यंतची मुदत होती. उभा कॉप शेवटचा गाजला ३० एप्रिल १९९४ रोजी, नॉर्विचविरुद्ध. जेरेमी गॉसने गोल करून नॉर्विचला १-० ने जिंकवलं. जिथे एकेकाळी २८ हजारांच्या आसपास माणसं उभी राहायची, तिथे आता बारा हजारांहून थोड्या जास्त खुर्च्या आहेत.

नियम फक्त फुटबॉलला होता. रग्बीचा प्रेक्षक बिनधास्त उभा राहू शकत होता. नव्याने वर आलेल्या क्लबांना सवलत मिळायची, म्हणून फुलहॅमच्या क्रेव्हन कॉटेजवर २००१-०२ मध्ये लोकांनी चक्क प्रीमियर लीग उभ्याने पाहिली. ब्रेंटफर्डच्या ग्रिफिन पार्कवर उभ्याच्या पायऱ्या २०२० पर्यंत टिकल्या. त्या मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक पब होता!

पिवळी भिंत

जर्मनीने वेगळी वाट धरली. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये २४,४५४ माणसं उभी राहतात. युरोपातला हा सगळ्यात मोठा उभा स्टँड. पिवळ्या जर्सींमुळे तो ‘पिवळी भिंत’ म्हणून ओळखला जातो. जर्मन लीगच्या सामन्याला या स्टेडियममध्ये ८१,३६५ माणसं मावतात. पण युएफाच्या, म्हणजे युरोपियन फुटबॉल संघटनेच्या, सामन्यांना उभ्याला बंदी असे, तेव्हा तात्पुरत्या खुर्च्या बसवाव्या लागत आणि क्षमता पंधरा हजारांच्या आसपास घटे. २०२२ मध्ये युएफानेही काही देशांत उभ्याला प्रायोगिक परवानगी दिली.

पब्लिकने बांधलेलं स्टेडियम

युनियन बर्लिनकडे स्टेडियमच्या दुरुस्तीला पैसे नव्हते. २००८-०९ मध्ये दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी स्वतः श्रमदान केलं. सुमारे २२ हजार क्षमतेच्या या मैदानात खुर्च्या साडेतीन हजारांच्या आसपास. बाकी सगळे उभे. त्याआधी २००४ मध्ये चाहत्यांनी रक्तदान करून मिळालेला मोबदला क्लबला दिला होता. २०२३ मध्ये हाच क्लब चॅम्पियन्स लीगपर्यंत पोहोचला, पण घरचे सामने शहरातल्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळला.

खुर्चीही, कठडाही

इंग्लंडमध्ये खुर्च्या आल्या तरी कट्टर चाहते त्यांच्यापुढे उभेच राहायचे. पुढच्या खुर्चीची पाठ नडगीला लागायची, गोल झाला की माणूस पुढच्या रांगेत कोसळायचा. उपाय साधा निघाला: दुमडून कुलूप लावता येणारी खुर्ची आणि प्रत्येक रांगेला कंबरेएवढा लोखंडी कठडा. एका खुर्चीला एकच तिकीट, म्हणून गर्दी वाढत नाही. ग्लासगोच्या सेल्टिकने २०१६ मध्ये अशी सुमारे २,६०० जागांची सोय केली. इंग्लंडमध्ये २ जानेवारी २०२२ रोजी चेल्सी-लिव्हरपूल सामन्याने अधिकृत प्रयोग सुरू झाला. तो सामनाही २-२! त्याच वर्षी ही सोय सगळ्या क्लबांना खुली झाली.

आणि आपल्याकडे?

१३ जुलै १९९७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये ईस्ट बंगाल-मोहन बागान फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला १,३१,७८१ प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाने हॅटट्रिक ठोकली आणि ईस्ट बंगालने ४-१ ने बाजी मारली. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपसाठी तिथल्या सिमेंटच्या गॅलऱ्यांवर बकेट सीट बसल्या. फायनलला प्रेक्षक ६६,६८४. त्या स्पर्धेचे सामने मडगावच्या फातोर्ड्याला आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्येही झाले.

मग निकाल काय?

उभ्याने मॅच बघण्यात आवाज आहे, दोस्ती आहे, आणि मुख्य म्हणजे कमी पैशांत मिळणारी जागा आहे. ती राहिलीच पाहिजे. मात्र प्रत्येक उभ्या माणसाची मोजणी हवी, हाताशी कठडा हवा आणि मोकळी वाट हवी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमपासून फातोर्ड्यापर्यंत फुटबॉलवर जीव टाकणारं पब्लिक आपल्याकडे आहे. सामने भरवणाऱ्यांनी तीन गोष्टी कधीही विसरू नयेत: क्षमतेइतकीच तिकिटं विका, सामना संपेपर्यंत एकाही दाराला कुलूप लावू नका, आणि प्रेक्षकांना जाळीत कोंडू नका. आणि तुम्ही मॅचला जाल तेव्हा, जागा पकडण्याआधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघून ठेवा. मग खुशाल उभे राहा आणि घसा बसेपर्यंत ओरडा!