जलरोधक लेपावरील रंग : 'पाया' आणि 'जोते'

जमिनीत गाडला जातो तो पाया. जमिनीवर दिसते ते जोते. इंग्रजी 'फाउंडेशन' या शब्दात पुष्कळदा दोहोंचा समावेश होतो, आणि काँक्रीटच्या पायावरील जलरोधक लेपास रंग द्यावा काय, या प्रश्नातील बराच गोंधळ तेथूनच उद्भवतो. मातीआड जाणाऱ्या पायास रंगाचे प्रयोजनच नाही. प्रश्न उरतो तो जोत्याचा.

'डांबर' हा शब्दही असाच सैल आहे. दगडी कोळशापासून निघणारे टार आणि खनिज तेलापासून मिळणारे बिट्युमेन, दोन्ही मराठीत डांबरच. जलरोधक लेप आज बहुधा बिट्युमेनचा असतो. त्यावर तैलरंग दिल्यास रंगातील टर्पेंटाइनसारखा द्रावक लेपाचा पृष्ठभाग विरघळवितो व तपकिरी डाग वर उमटतात. शिवाय उन्हाने लेप मऊ पडतो. वरील ताठर पापुद्र्यास त्याच्यासवे हलता येत नाही आणि तो तडकतो. यास्तव लेप चिकट असतानाच त्यावर कोरडी जाड वाळू उधळून चिकटू द्यावी, मग सिमेंटचा गिलावा करावा आणि रंग त्या गिलाव्यास द्यावा, हे श्रेयस्कर.

सिमेंटयुक्त लेपाची गोष्ट निराळी. तो अल्कधर्मी असल्यामुळे ताजेपणी दिलेल्या तैलरंगातील तेलाचे साबणीकरण होते व रंग सुटतो. तेथे सिमेंट-रंग अधिक योग्य.

ओल आतूनच येत असेल तर मात्र रंगाची निवड गौण ठरते. ती बाहेर पडताना विद्राव्य लवणे पृष्ठभागी आणून सोडते, आणि कोणत्याही रंगाचे पोपडे निघतात. बोलीत यालाच 'लोणा लागणे' म्हणतात.