धानाच्या बांधीतला बुरशीचा धडा

अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात कवकांचा भाग फार मोठा नसतो. वर्गीकरणातील चार गट, प्रत्येकाची दोन-तीन उदाहरणे, बीजाणूंची अवघड नावे आणि लैंगिक-अलैंगिक प्रजननातला भेद, एवढ्यावर तो आटोपतो. विद्यार्थी तो दोन-चार गुणांसाठी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. अन्यत्र हे चालून जाईल. परंतु ज्या जिल्ह्याची शेती, गिरण्या, मजुरी आणि उधारी ही सारी धानावर उभी आहे, त्या गोंदियात हा धडा विसरणे परवडण्याजोगे नाही. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. जीवशास्त्र हा त्याचा अध्यापनाचा विषय नव्हे. तथापि बुरशीचे जीवनचक्र म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या जमाखर्चाचेच एक पान आहे, हे दाखवून देण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम बुरशी म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. पूर्वी तिची गणना वनस्पतींत होत असे. १९६९ साली व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तीत बुरशीला स्वतंत्र सृष्टीचे स्थान मिळाले. तिच्यात हरितद्रव्य नाही. तिच्या पेशीभित्तिकेत कीटकांच्या कवचात आढळणारे कायटिन असते. आणि वंशावळीने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे. तयार अन्नावर पाचकरस सोडायचा आणि विरघळलेले अन्न शोषून घ्यायचे, ही तिची उपजीविका. आजवर सुमारे दीड लाख जातींना नावे मिळाली आहेत. प्रत्यक्षातील संख्या २२ ते ३८ लाख असावी, असा २०१७ मधील एक अंदाज आहे. पावसाळ्यात आपल्या झाडीपट्टीत वारुळांवर उगवणाऱ्या सात्या, शिळ्या पावावरची काळी बुरशी आणि धानावरचा करपा ही सारी याच विस्तीर्ण कुळातली मंडळी होत.

दोन प्रकारचे भांडवल

या कुळाची प्रजननाची रीत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास विचार करावयास लावणारी आहे. अन्न मुबलक आणि हवा अनुकूल असली की बुरशी अलैंगिक मार्गाने वाढते. जोडीदार शोधण्याची यातायात नाही, वेळेचा अपव्यय नाही. आपल्याच प्रती अमाप काढायच्या आणि वाऱ्यावर सोडून द्यायच्या. जो माल खपतो आहे, त्याचेच उत्पादन वाढवण्याचा हा व्यवहार आहे. लैंगिक प्रजनन महागडे असते. त्यास दोन भिन्न प्रकारांचे मीलन लागते आणि कालावधीही लागतो. परंतु त्यातून गुणांची नवी जुळणी निर्माण होते, आणि पुष्कळ जातींत प्रतिकूल काळ काढू शकणारे टणक बीजाणूही मिळतात. पहिला मार्ग नफ्याचा, दुसरा विम्याचा, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पुष्कळ बुरश्या हे दोन्ही मार्ग हाताशी ठेवतात.

आता बांधीकडे वळू. करप्याच्या बुरशीचा तीन पेशींचा, नासपतीच्या आकाराचा बीजाणू ओल्या पानावर पडला की रुजतो आणि घुमटासारखा एक अवयव तयार करतो. या घुमटाच्या भिंतीत मेलॅनिन हे काळे द्रव्य साठते आणि आतील दाब सुमारे ८० वातावरणांपर्यंत, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या जवळजवळ ४० पट, चढू शकतो. त्या दाबाच्या बळावर बुरशी पानाचे कवच भेदते. पाच-सात दिवसांत पानावर मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असा डोळ्याच्या आकाराचा ठिपका उमटतो, आणि एका ठिपक्यातून एका रात्रीत हजारो बीजाणू बाहेर पडतात. लोंबी निसवताना हाच रोग तिच्या मानेवर आला की लोंबी मोडते व पळींज राहते. शेतकरी त्यास मानमोडी म्हणतो.

औषध केव्हा आणि कशासाठी?

या चक्राचा जमाखर्चाशी संबंध येतो तो असा. करप्यावर अनेक वर्षे वापरात असलेले ट्रायसायक्लाझोल हे औषध बुरशीस थेट मारण्यापेक्षा मेलॅनिन तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणते. घुमट पक्का होत नाही आणि पान भेदले जात नाही. म्हणजेच त्याचा खरा उपयोग बुरशी पानात शिरण्यापूर्वी आहे. बांधी करपून गेल्यावर उधारीने आणून फवारलेले हे औषध आधीच जळालेले पान परत आणू शकत नाही. दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. 'करपा' आणि 'कडा करपा' ही नावे सख्ख्या भावंडांसारखी वाटतात. परंतु पहिला रोग बुरशीचा, तर पानाच्या कडेने वाळत जाणारा दुसरा रोग जीवाणूचा. पहिल्याचे बुरशीनाशक दुसऱ्यावर फवारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. नावातल्या साम्याने होणारा हा खर्च कोणत्याही ताळेबंदात वेगळा दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

खताचेही तसेच. नत्राचा अतिरेक झालेले धान करप्यास अधिक बळी पडते, ही सर्वमान्य गोष्ट आहे. अनुदानामुळे युरिया इतर खतांच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो, आणि जे स्वस्त ते अधिक वापरले जाते, हा तर आमच्या शास्त्राचा पहिलाच धडा. स्वस्त युरियाने रोगास आमंत्रण द्यावयाचे आणि महाग औषधाने त्याची बोळवण करावयाची, असा हा दुहेरी खर्च आहे. युरियाची पिशवी विकत घेताना तिच्या किमतीत हा पुढचा खर्च धरलेला नसतो.

मग रोगास दाद न देणारी जात शोधली की प्रश्न मिटेल काय? काही काळ मिटतो. परंतु सर्व शिवारात एकच जात लावली की बुरशीपुढे एकच कुलूप उरते, आणि तिच्या असंख्य संततीपैकी एखादीच्या हाती त्याची किल्ली लागण्यास वेळ लागत नाही. करप्याच्या बुरशीची लैंगिक अवस्था शेतात सहसा दृष्टीस पडत नाही. तरीही जनुकांतील बदलांमुळे तिचे नवनवे प्रकार निर्माण होत राहतात, आणि प्रतिकारक म्हणून आलेल्या जाती काही हंगामांतच बळी पडल्याचे अनुभव अनेक देशांत आले आहेत. चीनच्या युनान प्रांतात १९९८ व १९९९ साली शेतकऱ्यांनी रोगास लवकर बळी पडणारे चिकट धान आणि प्रतिकारक संकरित धान यांच्या ओळी मिसळून लावल्या. १९९९ साली हे क्षेत्र ३,३४२ हेक्टरांवर गेले होते. चिकट धानावरील करपा स्वतंत्र लागवडीच्या मानाने ९४ टक्क्यांनी घटला आणि त्याचे उत्पन्न ८९ टक्क्यांनी वाढले, असा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. ही पद्धत येथे जशीच्या तशी चालेल, असे म्हणण्याचा हेतू नाही. विविधतेस हिशेबात धरावी अशी किंमत आहे, इतकेच त्यावरून सिद्ध होते. आपल्या शेजारी, नागभीड तालुक्यातील नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांनी 'पटेल-३'च्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या जपूनच 'एचएमटी' ही जात निवडली होती. वेगळेपण हेरण्याची ती दृष्टी विद्यापीठाची पदवी मागत नाही.

पुस्तकातले चक्र आणि आपला मुलूख

पुस्तकातली आकृती पाठ असणे पुरेसे नाही, हे गव्हावरील तांबेऱ्याच्या इतिहासावरून कळते. या बुरशीचे चक्र पाच प्रकारच्या बीजाणूंचे आणि दोन आश्रयदात्यांचे, गहू आणि बार्बेरी यांचे, असे शिकवले जाते. अमेरिकेत १९१८ पासून बार्बेरी उपटण्याची मोठी मोहीम झाली आणि तिचा उपयोगही झाला. परंतु आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखवून दिले की, भारतात बार्बेरीचा या रोगाशी व्यवहारतः संबंध नाही. येथे तांबेरा थंड डोंगराळ भागातील गव्हावर उन्हाळा काढतो आणि तेथून वाऱ्याबरोबर मैदानात उतरतो. आपण परक्या देशाची आकृती प्रमाण मानून बार्बेरी उपटत बसलो असतो, तर श्रम आणि पैसा दोन्ही वाया गेले असते.

या अज्ञानाची किंमत शेवटी कोण मोजतो, हेही विसरता कामा नये. १९४२ साली बंगालच्या धानावर तपकिरी ठिपक्यांच्या बुरशीचा मोठा उद्रेक झाला. काही जातींचे उत्पन्न ५० ते ९० टक्क्यांनी घटले, असे कटकच्या भात संशोधन संस्थेचे एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ साली लिहिले, आणि १९४३च्या दुष्काळाचे मूळ त्यांनी तेथे पाहिले. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली निराळे मत मांडले. एकूण धान्य इतके कमी नव्हतेच. भाव चढल्याने मजूर, कोळी, कारागीर यांची ते विकत घेण्याची ऐपत नष्ट झाली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांच्या अंदाजाने बळींची संख्या ३० लाखांच्या आसपास होती. वाद अभ्यासकांचा आहे. परंतु दोन्ही मते एकत्र वाचली तर एवढे उमगते की, बुरशी पीक खाते, मात्र उपाशी कोणी राहायचे हे बाजार आणि शासन ठरवतात. म्हणून हा धडा केवळ विज्ञानशाखेचा नव्हे.

बुरशी म्हणजे केवळ शत्रू, असा समजही या निमित्ताने दूर व्हावा. सात्यांच्या काही जातींची लागवड वाळवी आपल्या वारुळात कोट्यवधी वर्षे करीत आली आहे. माणसाला ती अद्याप साधलेली नाही. म्हणून शेत सपाट करताना वारूळ मोडले की तिथली सात्यांची भाजीही गेली. याउलट धिंगरी अळिंबी आपल्या खळ्यावर पडणाऱ्या तणसावर वाढवता येते, आणि भूमिहीन कुटुंबासही तो जोडधंदा होऊ शकतो. अर्थात रानातली प्रत्येक छत्री खाण्यायोग्य नसते. काही प्राणघातक असतात, आणि तेथे जुन्या जाणत्या बायांच्या ओळखीस पर्याय नाही.

करावयाचे काय? रोवणीपासून कापणीपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने जवळच्या दोन-तीन बांध्या ठरवून घ्याव्यात. ठिपके पडलेले पान ओल्या कागदावर झाकून ठेवले की एक-दोन दिवसांत त्यावर बीजाणू येतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. रोग प्रथम केव्हा दिसला, त्या आठवड्यात पाऊस किती, युरिया किती, जात कोणती, फवारणी केव्हा व किती खर्चाची, याची वही ठेवावी. कापणीनंतर बुरशी तणसात, बियाण्यात की उन्हाळी धानात टिकून राहते, याचीही नोंद व्हावी. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी बीजाणू मोजावेत, वाणिज्य व कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी रुपये मोजावेत, आणि ती वही दरवर्षी गावच्या ग्रामसभेत वाचली जावी. यास नवे अनुदान लागत नाही आणि अभ्यासक्रमही बदलावा लागत नाही. शिक्षकांनी मनावर घेतले तर येत्या खरिपातच याचा आरंभ होऊ शकेल.