डाव्या डोळ्यापलीकडच्या ललिताबाई

आमच्या आजीच्या लेखी ललिता पवार म्हणजे मंथराच. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागरांचे 'रामायण' लागायचे. पाठीत वाकलेली मंथरा कैकेयीच्या कानाशी लागली, की आजी हातातली मेथीची जुडी ताटात टाकायची आणि कडाकडा बोटे मोडायची. "मेली घर बुडवायला निघाली!"

त्या वेळी मंथरेचे वय सत्तरीच्या पुढचे होते आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून तिला साठ वर्षे होत आली होती. लोकांचा हा तळतळाट ललिताबाईंनी जन्मभर घेतला. खाष्ट सासू, कजाग आत्या, कपटी दासी अशी त्यांची ओळख पक्की झाली आणि बारीक झालेला डावा डोळा तिची खूण ठरला. त्यांचे चित्रपट पुन्हा एकदा ओळीने पाहिल्यावर मात्र माझी खात्री झाली, की त्या डोळ्याने आपल्याला फसवले. त्याच्याकडे बघता बघता आपले बाकीच्या बाईकडे लक्षच गेले नाही.

येवल्याची अंबू

१८ एप्रिल १९१६ रोजी पैठणीच्या येवल्यात त्यांचा जन्म झाला. वडील लक्ष्मणराव सगुण रेशमाचे आणि सुती कापडाचे व्यापारी होते. मुलीचे नाव अंबा. पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत ती बालवयातच दाखल झाली आणि १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात दिसली. पुढे ती नायिका झाली. १९३२ मध्ये 'कैलाश' या मूकपटाच्या आणि १९३७ मध्ये 'दुनिया क्या है' या बोलपटाच्या निर्मितीतही तिचा वाटा होता. विशीच्या आसपासच्या मुलीने त्या काळी चित्रपटाच्या व्यवहारात हात घालणे ही लहान गोष्ट नव्हती.

मूकपटातल्या नटाला आवाजाचा आधार नसे. राग मानेतून, भीती खांद्यातून, माया बोटांतून दाखवावी लागे. ही तालीम पुढे आपल्याला तारणार आहे, हे त्या मुलीला तेव्हा कुठून माहीत असणार?

एक थप्पड

१९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'चे चित्रीकरण चालू होते. प्रसंगात थप्पड मारायची होती. समोर भगवान होते, पुढे 'अलबेला'मुळे घराघरांत पोचलेले भगवानदादा. हात जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला लकवा झाला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचार बराच काळ चालले. नायिकेची कामे संपली, तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते.

१९४४ मध्ये प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून मराठी मनाने दीडशेहून अधिक वर्षे जिला बोल लावले, तीच ही बाई. पुढे शांतारामबापूंच्या 'दहेज'मध्ये (१९५०) त्यांनी सुनेला छळणारी सासू रंगवली आणि तो शिक्का कायमचा बसला. १९५२ च्या 'दाग'मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई होत्या. या आईत आणि मुलात प्रत्यक्षात जेमतेम सहा-सात वर्षांचे अंतर होते.

एकाच वर्षातल्या दोघी

ललिताबाईंचा आवाका बघायचा असेल, तर एका वर्षातले दोन चित्रपट शेजारी ठेवावेत.

१९५५ घ्या. गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मधली सीतादेवी श्रीमंत आहे, स्त्रीहक्कांवर बोलणारी आहे. भाचीने नवऱ्याच्या ताब्यात जाऊ नये म्हणून ती खोटे लग्न ठरवते. तिची मान कधी खाली जात नाही. त्याच वर्षीच्या राज कपूरच्या 'श्री ४२०'मध्ये त्या मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत. दोन आण्यांना तीन केळी देणाऱ्या या बाईला राज तीन आण्यांना दोन मागतो आणि ती त्या खुळ्या पोराला पदराखाली घेते. पहिलीची ताठ मान इथे औषधालाही सापडत नाही. इथली बाई बसते ती दिवसभर उन्हात बसलेल्या विक्रेतीसारखी, सगळा भार जमिनीवर टाकून.

१९५९ मध्ये बिमल रॉयच्या 'सुजाता'तली सोवळ्या-ओवळ्याची गिरिबाला आणि हृषीकेश मुखर्जींच्या 'अनाडी'तली मिसेस डिसा आल्या. मिसेस डिसा तोंडाने भाडेकरूवर खेकसते, पण तिचे हात बघा. ओरडणे चालू असतानाच ते त्याच्या जेवणाची काळजी घेत असतात. तोंड एक बोलते, हात दुसरेच सांगतात. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. अर्धा चेहरा साथ देत नव्हता, तिथे मूकपटात घडलेले शरीर उभे राहिले, असे मला हे पाहताना वाटते.

१९६१ मध्ये 'संपूर्ण रामायण'मधली मंथरा, 'जंगली'मधली हसण्यावर बंदी घालणारी आई आणि 'मेमदीदी'ची नायिका अशा तिघी एकाच वर्षात भेटतात. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्याच वर्षीचा. १९६२ च्या 'प्रोफेसर'मध्ये तर त्यांनी आपल्याच साच्याला आतून तडा दिला. घराला धाकात ठेवणारी पालक बाई, म्हाताऱ्याचे सोंग घेऊन आलेल्या शिक्षकाच्या प्रेमात पडते. प्रेक्षक हसतात आणि हसता हसता त्यांना अपराधी वाटू लागते, कारण तिचे लाजणे खरे आहे. इतकी वर्षे हिला कोणी विचारलेच नव्हते, हे त्या लाजण्यातून कळते. 'आनंद'मधल्या (१९७१) मेट्रनचा करडेपणाही असाच मायेने विरघळतो.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधच्या घरी त्या गेल्या. त्या वेळी घरात कोणी नव्हते. हजारो घरांतल्या कलहाचा चेहरा झालेली ही बाई शेवटी एकटीच होती, हे आठवले की अजून मन खंतावते.

'रामायण' संपल्यानंतर एका संध्याकाळी टीव्हीवर 'अनाडी' लागला होता. भेसळीच्या औषधाने मिसेस डिसाचा जीव जातो, तो प्रसंग चालू होता. आजी पदराने डोळे पुसत होती. मी म्हटले, "आजी, ही तुझी मंथरा." ती कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काहीतरीच काय! ही किती जीव लावते त्या पोराला."